विहीणबाईंची पाम्पुखी

माझ्या नातवाच्या बारशाला आलेल्या माणसांनी जे चवीनं खाल्लं, ते कशावर वाफवलं होतं हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. हे लिहून काढावं असं गेली तीन वर्षं मनात आहे, आणि लिहायला बसले की सगळ्यांत आधी आठवतो तो वास.

यीस्टचा वास. इडलीचं पीठ ऐन उन्हाळ्यात दोन दिवस डब्यात विसरलं आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जो भपका येतो, त्यात थोडं कोमट दूध आणि साखर मिसळायची. गोडसर, दमट, नाकात चिकटून राहणारा. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या, मुलाच्या त्या टाउनहाउसमध्ये शनिवारी सकाळी मी जिना उतरायला लागले की अर्ध्यावरच तो मला गाठायचा. बाहेर थंडी पडलेली, खिडक्या बंद, हीटर चालू. वासाला जायला जागाच नव्हती.

मी सांगलीची. एका हायस्कूलच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा एमएस करायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला आणि एका पोलिश मुलीशी त्यानं लग्न केलं. तिचा जन्म पोलंडमधला, पण अगदी लहान असताना ती आईबरोबर मिशिगनमध्ये आली आणि तिथेच वाढली. सून चांगली आहे, हे आधीच सांगते. मला 'आई' म्हणते. तिच्या तोंडी त्याचं 'आयी' होतं, पण म्हणते मनापासून.

बाळाच्या वेळी मी सहा महिन्यांसाठी गेले. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, हिंगाची डबी आणि बाळोती होती. माझ्या वडिलांची चार धोतरं मी कितीतरी वर्षं ट्रंकेत जपून ठेवली होती. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. त्यांचे मोठे चौकोन कापले आणि कडा हातानं दुमडून हिरव्या दोऱ्यानं शिवल्या. पांढरा दोरा संपला होता आणि हिरवा हाताशी होता, एवढंच त्याचं कारण. सुनेला ती बाळोती आवडली. बाळाला डायपरनं पुरळ आलं, तेव्हा तिनं स्वतःच म्हटलं की दिवसा डायपर नको, आयीचं कापड घालू. मला केवढा आनंद झाला. दिवसाला दहा-बारा बाळोती निघायची. मी ती बेसमेंटच्या सिंकमध्ये हातानं धुवायची, मग मशीनला लावायची आणि तिथेच दोरीवर वाळत घालायची. स्वयंपाकघरातलं फडकं आणि बाळाचं फडकं एका मशीनमध्येसुद्धा मी कधी घातलं नाही.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा विहीणबाई आल्या. डेट्रॉइटजवळच्या त्यांच्या गावातून बसनं आल्या आणि येताना स्वतःचं पातेलं घेऊन आल्या. बायका सुटकेस ओढत येतात. या एका हातात सुटकेस आणि दुसऱ्या काखेत रुंद तोंडाचं, बुडाशी काळं पडलेलं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. उंच, खांद्यानं रुंद, माझ्याच वयाच्या. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्य काढलं होतं. नवरा पोलंडमध्येच मागे राहिला होता, त्याचा विषय त्या काढत नसत. मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "नाऊ टू ग्रँडमा. व्हेरी गुड."

माझ्या गालावर त्यांची थुंकी लागली होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

मला किळस लवकर येते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दुधावरची साय ओठाला लागली तर मला उमासा येतो. कुणी बोट चाटून पुस्तकाचं पान उलटलं की ते पुस्तक मी नंतर रुमालानं पुसत असे, आणि ग्रंथालयात हे दिवसातून वीस वेळा व्हायचं. पण सवयीनं निभत होतं. विहीणबाईंबरोबर एका स्वयंपाकघरात राहणं मात्र मला जमेना. सूप ढवळताढवळता त्या मोठ्या चमच्यानं चव घ्यायच्या आणि तोच चमचा परत सुपात. बाळाची चोखणी जमिनीवर पडली की स्वतःच्या तोंडात घालून चोखायच्या आणि बाळाच्या तोंडात द्यायच्या. नाक पुसलेला रुमाल स्वेटरच्या बाहीत खोचायच्या आणि त्याच हातानं पीठ मळायच्या. आंबट कोबी शिजायचा तेव्हा मी कोट घालून बाहेर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालायची.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, प्लीज. ती पण तुझ्याबद्दल काहीतरी म्हणत असेलच ना? अ‍ॅडजस्ट कर ना थोडं."

म्हणत असणारच. मी पहिल्यांदा आमटीला फोडणी दिली तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाळंतिणीच्या घरात, त्या थंडीत! दुसऱ्या दिवशी माझी हिंगाची डबी गायब. ती सापडली गॅरेजमध्ये, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक गुंडाळलेली, वर गाठ मारलेली. मी डबी परत आणली. त्यांनी परत नेली.

आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी पाम्पुखी केली, म्हणजे त्यांच्याकडचे वाफवलेले पाव.

करायची रीत अशी. मैदा, कोमट दूध, साखर, लोणी, अंडं आणि यीस्ट एकत्र मळून मोठ्या भांड्यात हीटरजवळ ठेवायचं. पीठ फुगून दुप्पट झालं की त्याचे गोळे करायचे. ते पुन्हा फुगू द्यायचे. पातेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी उकळायचं, पातेल्याच्या तोंडावर पांढरं कापड ताणून दोरीनं घट्ट बांधायचं, त्यावर गोळे ठेवायचे आणि वर एक खोलगट भांडं पालथं घालायचं. दहा मिनिटं झाकण उचलायचं नाही, नाहीतर बसतात. त्यांचं कापड मी बघितलं. त्यांच्या आईकडून आलेलं, पिठाच्या पोत्याचं, वापरून वापरून पिवळं पडलेलं. मधोमध वाफेनं झोळ आलेला आणि झोळाच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

झाकण उचललं. आत सात-आठ पांढरे, टम्म, ओलसर गोळे एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांना रंग नव्हता, खरपूसपणा नव्हता, काहीही नव्हतं. आपल्याकडे भाकरीला डाग असतात, पोळीला पापुद्रा असतो, उकडीच्या मोदकालासुद्धा कळ्या असतात. हे नुसतेच टकले.

"युअर्स, नो एग," विहीणबाई म्हणाल्या आणि एक वेगळी बशी माझ्यापुढे ठेवली. मी अंडं खात नाही हे त्यांनी लेकीला विचारून घेतलं होतं आणि माझ्यासाठी निराळं पीठ भिजवलं होतं.

मी त्या गोळ्यावर बोट दाबलं. सुजलेल्या पावलावर दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरतो, तसं झालं. त्यांनी तो दोन काट्यांनी फाडला, सुरी चालत नाही म्हणाल्या, आणि वर ब्लूबेरीचा जांभळा पाक ओतला, त्यावर आंबट क्रीम. पांढऱ्यावर जांभळं पसरत गेलं, मुका मार लागल्यावर कातडी होते तसं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी घास घेतला.

कुणाच्या तरी गालाचा चावा घेतल्यासारखं वाटलं. गरम, मऊ, ओला, कसलाही विरोध न करणारा. टाळूला चिकटला तो जिभेनं सुटेना. आणि मागून यीस्टचा वास नाकात चढला. मी डोळे मिटून गिळला.

"गुड?"

"व्हेरी गुड," मी म्हणाले. तिथेच माझी चूक झाली. त्यानंतर दर शनिवारी माझ्यासाठी अंडं न घातलेली चार पाम्पुखी होऊ लागली. मी एक खायची, बाकीची पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून वर न्यायची आणि सोमवारी कचरा जायच्या आधी पिशवीच्या तळाशी लपवायची. तोपर्यंत ती माझ्या खोलीत कपाटावर असायची. गार झाल्यावर त्यांच्यावर चिकट कातडी धरायची. मला त्यांच्या सोबतीनं झोप लागत नसे.

एवढं असूनही मी सोसलं असतं. पण बाळ त्यांच्याकडे गप्प राहायचं. माझ्याकडे रडायचं, त्यांनी छातीशी घट्ट धरलं की दोन मिनिटांत शांत. सून जिन्यावरून हाक मारायची ती "मामा!" म्हणून. मामा म्हणजे तिची आई, मी नव्हे. मी ओवा भाजायची, शेक द्यायची, तेल लावायची, आणि सून म्हणायची, "थँक यू, आयी," पाहुणीला म्हणतात तसं. आपल्याला काय होतंय हे मला तेव्हा कळत होतं. त्याला मी किळस हे नाव देत होते, कारण ते नाव घ्यायला लाज वाटत नव्हती.

बारसं बाळाला दोन महिने होताना एका रविवारी दुपारी ठरलं. मुलाची सात-आठ मित्रकुटुंबं येणार होती. मी आदल्या दिवशी मुलाबरोबर आयसेलिनला जाऊन, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरून श्रीखंड, फुलं, पूजेचं सामान आणलं. मसालेभात आणि कोशिंबीर मी करणार होते. विहीणबाई म्हणाल्या, मी साठ पाम्पुखी करते. मुलगा म्हणाला, "वॉव, मस्त! फ्यूजन बारसं!"

रविवारी सकाळी मी वर बाळाला न्हाऊ घालत होते. खाली आले तेव्हा विहीणबाई चुलीपाशी होत्या. पहिली खेप काढून ताटात ठेवली होती, दुसरी पातेल्यावर होती. कचऱ्याच्या डब्यावर त्यांच्या आईचं पिवळं कापड लोंबत होतं, मधोमध फाटलेलं. मी मसालेभातासाठी दुसरी शेगडी पेटवायला गेले आणि सहज पातेल्याकडे बघितलं. दोरीच्या खाली कापडाचं टोक लोंबत होतं. पांढरंशुभ्र, मऊ. कडेला हिरवा दोरा.

माझ्या हातातला लायटर तसाच राहिला. बेसमेंटच्या दोरीवरून त्यांनी ते घेतलं होतं. त्यांना ते काय आहे ते माहीत नव्हतं. बाळाची बाळोती दिवसभर मीच वरच्या खोलीत बदलायची, कुणाला बदलूच द्यायची नाही. त्यांना दिसलं असणार ते इतकंच, की खाली स्वच्छ, चौकोनी, सुती कापडं वाळताहेत.

ते कापड दोन दिवसांपूर्वी कसं भरलं होतं ते मला माहीत होतं, मी ते माझ्या हातांनी खरवडून धुतलं होतं. पिवळं, मोहरीसारखे दाणे असलेलं. जोरात घासूनही मधोमध एक फिकट डाग राहिलाच होता. आणि आता त्या डागावर विहीणबाईंचे गोळे वाफेनं फुगत होते, कापडातून ठिबकलेलं पाणीच खाली उकळून परत वर येत होतं.

मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. "अहो" असं काहीतरी ओठांपर्यंत आलंही होतं. त्याच वेळी विहीणबाई वळल्या, माझ्या मसालेभाताच्या तयारीकडे बघितलं, हिंगाची डबी दोन बोटांनी उचलली, लांब ओट्याच्या टोकाला नेऊन ठेवली आणि हात पुसले.

मी तोंड मिटलं.

पाहुणे आले. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, बायकांनी पाळणा म्हटला. जेवायला बसायच्या वेळी विहीणबाई माझी वेगळी बशी घेऊन आल्या. मी म्हटलं, "टुडे फास्ट. एकादशी."

जवळच्या एडिसनहून आलेल्या एक काकू शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एकादशी काल झाली ना?"

"आमच्याकडे भागवत असते," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. आमच्याकडे कोणतीच एकादशी नसते. मिस्टर असताना घरात वर्षाचा उपवास म्हणजे महाशिवरात्र, तोही साबुदाण्याच्या खिचडीसाठी.

मग मी केळं हातात घेऊन बसले आणि बघत राहिले. काकूंनी पाम्पूख फाडलं आणि म्हणाल्या, "अय्या, किती हलकं! अगदी आपल्या इडलीसारखं, नाही?" त्यांच्या मिस्टरांनी तीन घेतली. कुणी श्रीखंडात बुडवून खाल्लं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलानं बोटं चाटली. विहीणबाई लाल होऊन सगळ्यांना वाढत होत्या, "मोअर, मोअर," करत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

प्रत्येक घासागणिक माझ्या पोटातून कळ येत होती. आणि त्या कळीच्या आत, हे लिहिताना हात जड होतोय, मला बरं वाटत होतं. खा, असं मी मनात म्हणत होते. काकूंना, त्यांच्या मिस्टरांना, सगळ्यांना. इतके दिवस मी एकटी गिळत होते, आता खा.

सुनेनं पाच खाल्ली. अंगावर पाजत होती, भूक लागायची तिला. पाचवं तोंडात असताना तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली. मीही हसले.

रात्री मला झोप आली ती लगेच आली, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली उतरले तर विहीणबाई चुलीपाशी. मुलगा ऑफिसला निघून गेला होता, सून वर झोपलेली. पातेल्यावर तेच कापड बांधलेलं होतं, हिरव्या दोऱ्याचं. आदल्या दिवशी त्यांनी जावयाला विचारलं होतं की हा उपास कधी सुटतो, आणि त्यानं अंदाजानं सांगितलं होतं की उद्या सकाळी. अंडं न घातलेली माझी चार पाम्पुखी त्यांनी झाकून ठेवली होती आणि आता फक्त माझ्यासाठी पुन्हा वाफवली होती. टेबलावर एकच बशी, एकच काटा, छोट्या वाटीत साखर आणि वितळलेलं लोणी. ब्लूबेरी मला आवडत नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

"सिट. फास्ट फिनिश. ईट," त्या म्हणाल्या आणि झाकण उचललं.

वाफेबरोबर वास आला. मी खुर्चीवर बसले आणि मला जोराचा उमासा आला. कसाबसा परत गिळला. त्या घाबरल्या. धावत आल्या, माझ्या कपाळाला हात लावला. "सिक? यू सिक?"

मी नाही म्हटलं. उठले, पातेल्यापाशी गेले आणि कापडाच्या टोकाला हात लावला. "धिस," मी म्हणाले, "बेबीज क्लॉथ."

त्यांना कळेना. "येस, येस. सॉफ्ट."

"नो. फॉर..." मला शब्द सापडेना. इंग्लिश पुस्तकांचे कॅटलॉग केले मी आयुष्यभर आणि एक शब्द सापडेना. शेवटी सुनेचा डायपरचा गठ्ठा सोफ्यापाशी पडला होता त्यातून एक डायपर उचललं, ते एका हातात धरलं, दुसऱ्या हातानं कापड दाखवलं. "सेम," मी म्हणाले. "सेम थिंग."

त्यांनी गॅस बंद केला. दोरी सोडली. चारही पाम्पुखी बशीत घेऊन कापड उजेडात धरलं. ओल्या कापडात तो फिकट डाग स्पष्ट दिसत होता. त्यांनी कापड नाकाशी नेलं, हुंगलं. मला वाटलं आता त्यांना ओकारी येणार. आली नाही. उलट त्या किंचित हसल्या, मान हलवत म्हणाल्या, "बेबी ड्रिंक ओन्ली मिल्क. ओन्ली मिल्क. वॉश, बॉइल... ओके. नॉट गुड, बट ओके." वृद्धाश्रमात त्यांनी याहून काय काय बघितलं असेल.

आणि मग थांबल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत जाताना मला दिसत होतं: केळं, उपास, लांब बसलेली मी.

"यस्टरडे," त्या म्हणाल्या. "यू सी? यस्टरडे?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता बघितलं म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी म्हणाले, "येस."

"बिफोर पीपल ईट?"

"येस."

"माय डॉटर ईट फाइव्ह."

मी हातातलं डायपर टेबलावर ठेवलं.

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. वरचा ओठ एका बाजूनं किंचित वर उचलला गेला, नाकपुड्या आवळल्या, मान एक इंच मागे गेली. तो चेहरा मला बाहेरून कधी दिसला नव्हता, कारण आयुष्यभर तो माझाच होता. साय बघताना, चाटलेलं बोट बघताना, त्यांचा चमचा सुपात जाताना मी जो चेहरा करते तो. आता तो माझ्याकडे बघून केला होता.

त्यांनी चारही पाम्पुखी कचऱ्यात टाकली. कापडाची घडी घातली आणि बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली.

त्या पुढे तीन आठवडे राहिल्या. भांडल्या नाहीत. मी केलेला चहा टेबलावर ठेवला की घेऊन जायच्या आणि सिंकमध्ये ओतायच्या, माझ्यासमोर, सावकाश. मी घासलेला कप उचलून परत घासायच्या. बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळून वाळत घातलेल्या असल्या आणि मी जवळून गेले तर परत उकळायच्या. मी बाळाला त्यांच्या हातात दिलं की त्याचे हात ओल्या कापडानं पुसायच्या. मला स्वतःचे हात सारखे दिसू लागले. मी ते जास्त वेळा धुवायला लागले आणि धुऊनही कुणाला देण्याजोगे वाटेनात. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तरी आधी त्या कुठे आहेत ते बघून जायची. पाम्पुखी त्या घरात पुन्हा झाली नाहीत. तो वास गेला आणि मला त्यानं काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही.

जाताना त्यांनी पातेलं काखेत घेतलं, लेकीला, जावयाला, बाळाला मिठी मारली आणि माझ्याशी हात मिळवला. हात मोकळा झाल्यावर कोटाला पुसला. मुलाला वाटलं असेल, सवयीनं.

माझी परत यायची वेळ जवळ आली तेव्हा एका सकाळी सून मला घेऊन ओक ट्री रोडला भाजीला गेली. बाळ मागच्या सीटवर झोपलेलं. गाडी पार्क केली आणि ती उतरायच्या आत मी म्हटलं, थांब. मग सगळं सांगितलं, इंग्लिशमध्ये, जसं जमेल तसं. कापड, एकादशी, तिची पाच पाम्पुखी. मी समोरच्या साडीच्या दुकानाकडे बघत बोलत होते.

ती म्हणाली, "आयी, आय नो. मामानं त्याच दिवशी सांगितलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "त्याला?" मी विचारलं. म्हणजे माझ्या मुलाला.

"नो. तिनं मला प्रॉमिस करायला लावलं. ती म्हणाली, मुलाला त्याच्या आईबद्दल हे माहीत असायची गरज नाही."

मी रडायला लागले.

"कापडाचं मला काही नाही," ती म्हणाली. "बाळानं माझ्या केसांत शी केलीय. पण मी तुझ्याकडे बघून हसले होते, आयी. आणि तू पण हसलीस. मला तेच सारखं दिसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं नाक ओढलं, आरशात डोळे पुसले आणि उतरली. मीही उतरले. तिनं बाळाची सीट अलगद काढून कार्टवर ठेवली, मी पदरानं त्याचं तोंड वाऱ्यापासून झाकायला गेले आणि मध्येच हात मागे घेतला. तिनं ते बघितलं. तिनं स्वतः माझा पदर ओढून त्याच्या अंगावर घातला.

आत जाऊन आम्ही मेथीच्या दोन जुड्या, आलं आणि दुधी घेतला. दुधी कोवळा आहे का ते ती मला विचारत होती. मी नखानं दाबून बघितला आणि म्हटलं, हा नको, तो दुसरा घे.